घाटात दमणारी डिझेल गाडी आणि घरी बनवलेला पाणी-मिथेनॉल फवारा

गाडी २.५ लिटरची कॉमन रेल डिझेल, सात-आठ माणसांची. टर्बो आहे, इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी) नाही, कागदावर ताकद १०२ हॉर्सपॉवर. कुठली ते खानदेशात वेगळं सांगायला नको, कुठल्याही लग्नाच्या मांडवाबाहेर दोन-चार उभ्या असतात. मालक अमळनेर तालुक्यातले कापूसवाले शेतकरी. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही. माझं काम धुळ्यात, आग्रा रोडच्या बाजूला, डिझेल पंप आणि नोझलचं.

नानांची तक्रार सरळ होती. दिवाळीत गाडी कन्नड घाट चौथ्या गिअरवर हसतखेळत चढते. चैत्रात सप्तशृंगीला निघालं, गाडी भरलेली, एसी चालू, की नांदुरीचा चढ लागल्यावर अर्ध्यातच ‘बसते’. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी उत्तर देत नाही. वर जाऊन दहा मिनिटं थांबलं की परत ठीक. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, पाण्याचा काटा मध्यावरून जरासाच वर सरकतो.

हंगामाप्रमाणे बदलणारी तक्रार असली की पंप-नोझलवर संशय घ्यायचं कारण नसतं. बिघडलेला इंजेक्टर थंडीतही बिघडलेलाच असतो. तरी आधी जे करायचं ते केलं. एअर फिल्टर कापसाच्या तुसाने आणि मातीने गच्च होता, तो बदलला. टर्बोपासून इनटेकपर्यंतच्या होजला एका क्लॅम्पजवळ तेलकट डाग होता, तिथून हवा सुटत होती, क्लॅम्प बदलला. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधला थर उलट्या बाजूने हवा मारून काढला. खानदेशात जिनिंगच्या दिवसांत ही जागा बघितल्याशिवाय गरम होण्याच्या कुठल्याच तक्रारीला हात लावू नये. धूर कमी झाला, बसण्याची वेळही थोडी पुढे गेली, पण गाडीचं बसणं थांबलं नाही.

कारण हवेत होतं. बाहेर ४५ अंश आहेत असं धरा, आणि टर्बो ती हवा जवळपास दुपटीने दाबतो आहे. दाबलेली हवा तापतेच, शिवाय टर्बोचा कॉम्प्रेसर शंभर टक्के कार्यक्षम नसतो, त्याचा तोटाही उष्णतेतच जातो. साधा हिशोब केला तर इनटेकमध्ये शिरणारी हवा १४० अंशांच्या आसपास येते. इंटरकूलर असता तर ती साठ-सत्तरला उतरली असती. इथे ती तशीच्या तशी सिलिंडरमध्ये जाते. गरम हवा पातळ, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी, म्हणजे ज्वलन मागे रेंगाळतं आणि एक्झॉस्ट तापतो. इनटेकची हवा किंवा पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की कॉमन रेल गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, डिझेल कापून इंजिन वाचवतो. दिवा लावायची त्याला गरज वाटत नाही. नानांच्या पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर तळाला असतो आणि वर ईसीयूने हात आखडलेला असतो.

इथपर्यंत मी पोचलो होतो तेव्हा नानांचा भाचा आला. डिप्लोमा मेकॅनिकल, जळगावला ठिबकच्या धंद्यात. त्याच्याकडे उपाय तयार होता: पाणी-मिथेनॉल इंजेक्शन. इनटेकच्या पाइपात पाणी आणि मिथेनॉल यांचं अर्धंअर्धं मिश्रण धुक्यासारखं मारायचं. थेंबांची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, हवा गार होते, आणि मिथेनॉल स्वतः जळतं म्हणून ताकद वरून मिळते. बाहेरून तयार किट मागवायचं तर खर्च फार, त्यामुळे सगळं इथलंच वापरून करायचं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गाडीले पानी पाजाले निंघना का रे तू?”

पोरगं हवेत बोलत नव्हतं. ही गोष्ट जुनी आणि सिद्ध झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिटच्या डीबी ६०५ इंजिनात एमडब्ल्यू ५० नावाची हीच व्यवस्था होती, जवळपास निम्मं मिथेनॉल, निम्मं पाणी आणि गंज धरू नये म्हणून चिमूटभर तेल. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बो पेट्रोल कार काढली, तिच्यातही पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी होती. आपल्याकडे कानपूरला बनलेल्या अ‍ॅव्हरो विमानांची रोल्स-रॉइस डार्ट इंजिनं उन्हाळ्यात उड्डाणाच्या वेळी पाणी-मिथेनॉल घ्यायची.

पण यातलं एकही डिझेल इंजिन नाही. आणि माझा आक्षेप तिथूनच सुरू झाला. टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या पेट्रोल इंजिनात ताकदीला आडवं येतं ते नॉकिंग. मिश्रण गरम झालं की ठिणगीच्या पुढे-मागे आपोआप फुटतं. ते गार ठेवलं तर जास्त दाब देता येतो, म्हणून तिथे ताकद थेट वाढते. डिझेलमध्ये पेटवायची वेळ इंजेक्टर ठरवतो आणि ताकद किती ते डिझेल किती यावर ठरतं. नुसती हवा गार केली म्हणून डिझेल इंजिन जास्त जोर लावत नाही. ईसीयूने कापलेलं डिझेल परत मिळेल, एक्झॉस्ट उतरेल, धूर कमी होईल. नानांना तेवढंच हवं होतं. भाच्याला त्याहून जास्त हवं होतं, आणि ते ‘जास्त’ म्हणजे मिथेनॉल.

मिथेनॉलचा हिशोब

कॅल्क्युलेटर घेऊन दोघं बसलो. तीन हजार आरपीएमला पूर्ण भारावर हे इंजिन मिनिटाला साधारण ५ किलो हवा आणि पाव लिटरहून थोडं जास्त डिझेल घेतं. त्या हवेत मिनिटाला ५० मिली पाणी मारलं आणि सगळ्याची वाफ झाली, तर हवा साधारण २४ अंशांनी उतरते. आता तेवढंच ५० मिली अर्धंअर्धं मिश्रण घ्या. पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे २४०० किलोज्यूल लागतात, मिथेनॉलला सुमारे ११००. शिवाय मिथेनॉल वजनाला हलकं, २५ मिलीचे जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे मिश्रणाने हवा १६ अंशच उतरते. गारवा हवा असेल तर मिथेनॉल घातल्याने तो कमी होतो.

मग ताकद? मिथेनॉलमध्ये किलोमागे साधारण २० मेगाज्यूल उष्णता असते, डिझेलमध्ये ४३ च्या आसपास. मिनिटाला २० ग्रॅम मिथेनॉलमधून, इंजिनातला तोटा वजा जाता, चाकापर्यंत पोचायच्या आधी तीन-साडेतीन हॉर्सपॉवर हाताशी लागतात. एवढी ताकद एसी बंद केला तरी मिळते. भाच्याने आकडे दोनदा तपासले. आकडे तेच राहिले.

बाहेरदेशी डिझेलवाले मिथेनॉल घालतात त्याला आणखी एक कारण आहे: थंडी. तिकडे टाकीतलं नुसतं पाणी गोठतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत शेकोटी सुटत नाही हे खरं, पण बॉनेटखालच्या टाकीतलं पाणी गोठायला ती थंडी पुरत नाही. आणि गाडी बसते ती चैत्र-वैशाखात.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी मिथेनॉलला मी गॅरेजमध्ये येऊ दिलं नसतं. भाच्याला ‘एका ओळखीच्या केमिकलवाल्याकडून, बिलाशिवाय’ कॅन मिळणार होता. मिथेनॉल हे महाराष्ट्रात विष म्हणून नियंत्रणाखाली आहे, ते विकायला-ठेवायला परवाना लागतो, आणि त्यामागे माणसं मेल्याचा इतिहास आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तीत मिथेनॉलच होतं. दहा मिलीनेही दृष्टी जाऊ शकते. रंग पाण्यासारखा, वास दारूसारखा. असा कॅन शेतातल्या खोलीत फवारणीच्या सामानाशेजारी पडलेला, आणि आजूबाजूला मजूर, सालदार, पोरंसोरं. इंजिनाचा विचार नंतर करू, आधी हा करू, असं मी म्हणालो.

आगीचं तर वेगळंच. शुद्ध मिथेनॉल ११-१२ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतं. अर्धंअर्धं मिश्रण केलं तरी हा आकडा तिशीच्या आसपास राहतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी किती तापते ते खानदेशातल्या माणसाने खानदेशातल्या माणसाला काय सांगायचं. आणि या गाडीची डिकी म्हणजे माणसं बसतात तीच केबिन, मध्ये पत्रा नाही. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर दुपारी दिसतच नाही. आग लागल्याचं शेजारचं प्लास्टिक वितळायला लागल्यावर कळतं.

भाच्याने शेवटचा मुद्दा काढला: सरकारच पेट्रोलमध्ये मिथेनॉल मिसळतंय की. खरं आहे, २०२२ मध्ये आसामात तिनसुकियाला पंधरा टक्के मिथेनॉल मिसळलेलं पेट्रोल प्रायोगिक तत्त्वावर विकायला सुरुवात झाली. पण ते तेल कंपनीने तपासून मिसळलेलं पेट्रोल आहे, आणि पेट्रोल गाडीसाठीच. डिझेलच्या इनटेकमध्ये रबरी होज, अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आणि मिथेनॉल एकत्र आल्यावर काय होईल याची जबाबदारी त्यात कोणी घेतलेली नाही. मिथेनॉल अ‍ॅल्युमिनियमला खातं, आणि काही रबरं फुगवतं.

तर नुसतं पाणी मारायचं ठरलं. नानांना हे जास्त पटलं. पाणी त्यांच्या विहिरीचं, फुकटचं. तेही पुढे चाललं नाही, पण त्याचं नंतर.

फवाऱ्याची जुळणी

सामान भाच्याने शेतातूनच आणलं. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपातली १२ व्होल्टची डायफ्राम मोटर. ही मोटर पाच-सहा बारपर्यंत दाब देते, गाडीच्या बॅटरीवर तशीच चालते, आणि कुठल्याही कृषी केंद्रात मिळते. घरगुती आरओची पाव इंची नळी आणि तिचे पुश-फिट जोड. टाकी म्हणून पाच लिटरचा जाड प्लास्टिकचा कॅन. नोझल म्हणून ग्रीनहाउसमधला फॉगर.

फॉगरवर माझा विश्वास नव्हता, कारण फवारा बघणं हाच माझा धंदा. काळा कागद धरून त्यावर मारला. धुकं दिसत होतं, पण कडेला जाड थेंबांची रांग पडत होती, कागदावर मोजता येतील असे. फॉगर चार बारला तासाला सात लिटर टाकतो, म्हणजे मिनिटाला ११७ मिली. एवढं पाणी या इंजिनाला जातं त्या डिझेलच्या चाळीस टक्क्यांहून जास्त झालं. दहा ते वीस टक्क्यांच्या पुढे गेलात की ज्वलन विझायला लागतं, गाडी खोकते, पांढरा धूर टाकते. शिवाय जाड थेंबाची पाइपात वाफ होत नाही. तो भिंतीला चिकटतो, ओघळतो, आणि ओघळलेलं पाणी चार सिलिंडरना सारखं वाटलं जात नाही. ग्रीनहाउसमध्ये थेंबाला पानापर्यंत पोचायला वेळ असतो, इनटेकच्या पाइपात तो शतांश सेकंदांत मोजायचा.

बेकरीच्या भट्टीला डिझेल बर्नर असतो, त्याचा नोझल कामाला आला. पितळी, आत फिरकी देणाऱ्या खाचा, मागे बारीक जाळी. त्यावर आकडा कोरलेला असतो, तासाला किती अमेरिकन गॅलन, सात बारला. ०.७५ चा घेतला. सात बारला तो मिनिटाला ४७ मिली टाकतो. आमच्या पंपाचा दाब कमी आणि समोरून टर्बोचा दाब, तो धरून ४० मिलीच्या आसपास. मोजपात्रात धरून घड्याळ लावलं तेव्हा आकडा तिथेच आला. काळ्या कागदावर या नोझलचा पोकळ शंकू पडला, कडेला थेंब नाहीत, कागद नुसता ओलसर काळपट झाला. हिशोबाने हवा एकोणीस-वीस अंश उतरायला हवी होती.

नोझल कुठे लावायचा यावर बराच वेळ गेला. टर्बोच्या आधी लावला तर थेंब कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आपटतात. लाख-सव्वा लाख आरपीएमला फिरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्याची कड त्याने झिजते. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी तर विचारही नको. टर्बोच्या नंतर लावायचा, पण इनटेकच्या तापमानाचा सेन्सर पुढे असेल तर त्यावर थेंब बसतात, सेन्सर ओल्या कापडातल्या माठासारखा गार पडतो, आणि ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा गार वाटून तो जास्त डिझेल सोडतो. असा फसवून घेतलेला जोर म्हणजे इंजिनाची ताकद नव्हे, त्याची बिदागी एक्झॉस्टला द्यावी लागते. म्हणून नोझल सेन्सरच्या पलीकडे, ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इनटेकमध्ये आणणारी) नळी मिळते त्याच्या अलीकडे बसवला. ईजीआरच्या काजळीवर पाणी पडलं की चिखल होतो, तेही टाळायचं होतं. जागा बोटभर होती. होजच्या धातूच्या तुकड्याला बॉस, म्हणजे नोझल धरायला धातूचा जाड तुकडा, वेल्ड करून आटे पाडले.

पाणी बंद कसं होणार?

लोक विचारतात पंप कुठला, नोझल कुठला. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे की गाडी बंद असताना पाणी इनटेकमध्ये जाऊ नये. एका सिलिंडरचं आकारमान ६२३ सीसी, कॉम्प्रेशन अठराच्या आसपास, म्हणजे पिस्टन वर आल्यावर वर जागा उरते ती जेमतेम ३६-३७ मिलीची. तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये साठलं आणि सकाळी सेल्फ मारला, की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

भाच्याने नोझलजवळ बंद-चालू करायला ठिबकच्या ऑटोमेशनमधला डीसी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह, लावला होता. शेतात तो उत्तम. सोलरवर, एका पल्सने उघडतो आणि उलट्या पल्सने बंद होतो, मधल्या वेळेत करंट खात नाही. त्याला लॅचिंग म्हणतात. पण याचा अर्थ असा की उघडा असताना वायर निघाली, फ्यूज उडाला, गाडीची चावी फिरवली, तर तो उघडाच राहतो. शेतात जास्तीत जास्त एक वाफा तुंबेल. इथे इंजिन जाईल. मी तो काढायला लावला आणि करंट गेला की स्प्रिंगने स्वतः बंद होणारा साधा सोलेनॉइड आणायला सांगितला. त्याने जुन्या आरओमधला आणला. तो २४ व्होल्टचा निघाला, १२ वर अर्धवट उघडायचा. शेवटी १२ व्होल्टचा नवीन घेतला.

नवा आहे म्हणून मी तो मानला नाही. नोझल पाइपातून काढला, रिकाम्या पाण्याच्या बाटलीत तोंड खाली करून लटकवला, टाकी डिकीत भाच्याने ठेवली होती तशीच ठेवली, पंप बंद, चावी काढलेली. गाडी गॅरेजच्या उतारावर नाक खाली करून रात्रभर उभी केली. सकाळी बाटलीत दोन बोटं पाणी होतं. मोजलं, ६० मिलीच्या थोडं खाली. सोलेनॉइड उघडून बघितला तर बैठकीच्या रबरावर पांढरा कण बसला होता, विहिरीच्या पाण्यातला क्षार. त्या कणाइतकीच फट राहिली होती, आणि टाकी नोझलपेक्षा उंच असल्याने पाणी रात्रभर आपल्या वजनाने थेंब-थेंब उतरत राहिलं. भाचा बाटलीकडे बघून काही बोलला नाही, सामान खोलायला लागला.

टाकी मग पुढे बंपरमागे, नोझलपेक्षा हातभर खाली घेतली. टाकी खाली असली की सोलेनॉइड गळला तरी पाणी वर चढत नाही. सोलेनॉइडच्या पुढे एक स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला, जो थोडा दाब आल्याशिवाय उघडतच नाही. पंपाआधी बारीक जाळीचा फिल्टर. टर्बोचा दाब ०.६ बारच्या वर गेल्यावरच पंपाला वीज देणारा प्रेशर स्विच, आणि त्याच्या मालिकेत इंजिन ऑइलच्या दाबावर चालणारा रिले, म्हणजे इंजिन फिरत नसेल तर पंप कुठल्याच परिस्थितीत चालणार नाही. आरओची नळी टर्बोजवळून जात होती, ती फिरवून लांबून नेली. बाटलीची चाचणी परत केली, बाटली कोरडी राहिली, तेव्हा कुठे नोझल पाइपात गेला.

विहिरीच्या पाण्याचं प्रकरणही तिथेच मिटलं. आमच्या भागातल्या पाण्यात लिटरमागे ग्रॅम-अर्धा ग्रॅम क्षार असतो. पाण्याची वाफ होते, क्षाराची होत नाही. तो नोझलच्या भोकात, व्हॉल्व्हवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसतो. नानांना फुकटचं पाणी सोडून जारचं पाणी घ्यायला लावलं.

घाटात

मोजायला दोन गोष्टी लावल्या. इनटेकमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि एक्झॉस्टमध्ये, टर्बोच्या आधी, दुसरा. इनटेकच्या आकड्यावर मी फार भर देणार नाही. पाणी मारल्यावर तो एकदम पस्तीस-चाळीस अंश पडतो, आणि त्यातला बराचसा खोटा असतो, थेंब थर्मोकपललाच बसतात. एक्झॉस्टचा आकडा खोटं बोलत नाही, तिथे पाणी उरलेलंच नसतं.

चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना, गाडी भरलेली, एसी चालू, दुपारची वेळ, चौथ्या गिअरमध्ये, फवारा बंद ठेवून एक्झॉस्ट ७०० च्या जवळ गेला आणि नेहमीच्या जागी गाडी बसली. फवारा चालू ठेवून त्याच चढावर तो ६५० च्या आसपास थांबला, आणि गाडी बसली नाही. काळा धूर आरशात जवळजवळ दिसेनासा झाला. वर पोचायला लागणारा वेळ मात्र फारसा बदलला नाही. गाडी ‘उडायला’ लागली असं काही झालं नाही, आणि ते आधीच्या हिशोबातच होतं. मायलेजमध्येही फरक नाही. भाच्याचा चेहरा यात थोडा उतरला.

मग मी नानांना फवारा बंद करून त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चालवायला लावलं. आरपीएम वाढले, तेवढ्याच कामाला हवा जास्त मिळाली, वॉटर पंप जोरात फिरला. एक्झॉस्ट ६६० च्या पुढे गेला नाही, आणि गाडी बसली नाही. तिसऱ्या गिअरने जवळपास तेच केलं जे पाच लिटर पाणी, एक पंप, दोन व्हॉल्व्ह आणि चार रिले करत होते. अवजड चढावर चौथ्या गिअरला रेटत राहणं ही आपल्याकडची सवय आहे, ‘गिअर खाली टाकला की डिझेल खातं’ या समजुतीतून आलेली. नाना म्हणाले, “माले काय घाई से?”

कायद्याची बाजूही त्यांच्यासमोर ठेवली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५००० रुपये दंड आहे, किंवा दोन्ही. बॉनेटखालचा फवारा यात कुठे बसतो यावर वकील वाद घालतील. पण अपघात झाला, इंजिनजवळ आग लागली, आणि विम्याच्या सर्व्हेअरला बंपरमागे एक टाकी, पंप आणि बाहेरून ओढलेली वायर दिसली, तर वाद त्याच्याशी घालायचा आहे आणि तोवर पैसे अडकलेले आहेत. सात माणसं बसवून देवीला जाणाऱ्या गाडीत ही भानगड कायमची ठेवावी असं मला वाटलं नाही. मिथेनॉल असतं तर ठेवायचा प्रश्नच नव्हता.

नानांनी फवारा काढायला सांगितला. बॉसला पितळी प्लग मारला. काढताना सगळं उघडून बघितलं, कारण असं बघायला परत मिळत नाही. इंजिन ऑइल स्वच्छ, झाकणाखाली दुधाळ थर नाही, म्हणजे पाणी पिस्टनच्या बाजूने खाली उतरलं नव्हतं. ज्या पाइपात फवारा पडत होता त्याचा आतला तेलकट थर धुतला गेला होता, धातू चमकत होता. त्याच्यापुढे, मॅनिफोल्डच्या वळणावर, एका बाजूला बोटभर रुंदीचा ओला काळा पट्टा होता. तिथे थेंब आपटत होते, सगळ्याची वाफ होत नव्हती. पाइप आणखी हातभर लांब असता तर झाली असती. नोझलच्या मागच्या जाळीवर फिकट पांढरी कड आली होती, जारचं पाणी वापरूनसुद्धा. जारच्या पाण्यातही थोडा क्षार असतोच, यासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीच लागतं.

एक्झॉस्टचा थर्मोकपल आणि त्याचा छोटा मीटर नानांनी ठेवून घेतला, खर्च त्यांनी वेगळा दिला. चढावर आकडा ६७० ला आला की एसी बंद, ६८० ला आला की गिअर खाली, असं मी मीटरच्या कडेला मार्करने लिहून दिलं आहे. भाचा आता इंटरकूलरचं बोलतोय, दुसऱ्या एका गाडीचा, भंगारातून. कलम ५२ त्यालाही लागतं हे त्याला सांगून झालं आहे.